टिंब म्हणजे काहीही

दिपमालाच्या लग्नाची पत्रिका छापायची म्हणून प्रेमराज आबांनी घरातल्या सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. पिंप्राळ्यातल्या त्या घरात दार लावून बोलण्यासारखं आजवर काही घडलं नव्हतं, त्यामुळे दार धड लागेना. शेवटी योगेंद्रने, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाने, दाराला पाठ लावली आणि तो तसाच उभा राहिला.

"पहिलं नाव कोणाचं?" आबांनी विचारलं.

मुहूर्त निघाला होता, मंगल कार्यालय ठरलं होतं, आचाऱ्याला सांगून झालं होतं. फक्त हा एक प्रश्न विचारायची हिंमत महिनाभरात कोणाला झाली नव्हती.

"माझ्या भावाचं टाका," दिपमालाची आई, कमलबाई, म्हणाल्या. "मामाचा मान पहिला."

"मग धुळ्याचे फुवा?" दिपमालाने आत्याच्या नवऱ्याची आठवण करून दिली. "ते पत्रिका आली की आधी चष्मा शोधतात, मग स्वतःचं नाव."

"आणि नाना?" आबा म्हणाले.

आता मात्र खोलीतला पंखासुद्धा हळू फिरतोय की काय असं वाटायला लागलं. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ, चिंधा पुना पाटील, मुक्काम अमळनेरच्या पुढचं गाव. नऊ वर्षांपूर्वी योगेंद्रच्या लग्नाच्या पत्रिकेत जी नावं होती, त्यात नानांचं नाव चौथं आलं. मुद्दाम कोणी केलं नव्हतं. प्रेसवाल्याला ओळ बसेना म्हणून त्याने एक नाव खाली ढकललं, एवढंच. नाना लग्नाला निघाले, एसटीत वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून पत्रिका वाचली, धरणगावला उतरले आणि समोरून आलेल्या गाडीने परत गेले. निरोप मात्र पाठवला: "चौथ्या नंबरवर भाऊ नसतो, शेजारी असतो."

तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी लोटनमार्फत बोलत. लोटन हा त्यांचा चुलतभाऊ. "लोटन, त्याला सांग, विहिरीवरचा पंप दुरुस्त झाला." "लोटन, त्याला सांग, बरं झालं." तिघे एकाच ओट्यावर शेजारी शेजारी बसलेले असले तरी हाच रस्ता. लोटनही इमानदार. मधला एक शब्द गाळत नसे.

"दिपमाला माझी शेवटची," आबा म्हणाले. "यानंतर या घरात लग्न नाही. नाना आता आला नाही, तर पुढच्या वेळी आम्ही एकमेकांच्या घरी जाऊ ते आमच्यातल्याच एकाच्या तेराव्याला. आणि तेव्हा बोलायला एकच जण असेल."

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की दिपमालाने मान खाली घातली. योगेंद्रला तर फारच लागलं. भांडण शेवटी त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवरून झालं होतं.

"मग नानाचंच पहिलं टाका," तो म्हणाला.

"टाकतो. मग फुवा येणार नाहीत आणि तुझी आई येईल, पण माझ्याशी बोलणार नाही."

कमलबाईंनी याला विरोध केला नाही.

तेव्हा योगेंद्र दाराला पाठ लावूनच म्हणाला, "अकारविल्हे टाकू. शाळेच्या हजेरीसारखं. ज्याचं नाव जिथे बसेल तिथे. कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही."

आबा अठ्ठावीस वर्षं शाळेत लिपिक होते. हजेरीपटावरून रुसलेला माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "दार उघड."

योगेंद्र पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळत असे, घरूनच. म्हणजे नक्की काय करत असे हे घरात कोणालाच सांगता येत नव्हतं. लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडायची, तीत पांढऱ्या अक्षरांत काही लिहायचं, मग खिडकीने उत्तर द्यायचं आणि याने कपाळाला हात लावायचा, असं कामाचं साधारण स्वरूप होतं. त्या खिडकीच्या भाषेत अक्षरांच्या कुठल्याही माळेला स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंगला वय नसतं, मान नसतो, नातं नसतं. तिला फक्त लांबी असते. पाटील परिवारातल्या नावांना हीच जागा योग्य, असं योगेंद्रला वाटलं आणि त्यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

नावं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मागवली. चार दिवसांत दोनशे चौदा आली. प्रत्येकाने आपलं नाव आपल्या हाताने उपाधीसकट पाठवलं होतं. श्री., सौ., चि.; काही हौशी लोकांनी एकावर एक अशा दोन उपाध्या लावल्या होत्या. कोणी आपल्या नावाबरोबर वारलेल्या वडिलांचंही नाव कै. लावून पाठवलं होतं. योगेंद्रने यादी काळ्या खिडकीत टाकली आणि एका शब्दाची आज्ञा दिली: लाव.

मशीनने प्रामाणिकपणे लावली. उपाधी हेच नावाचं पहिलं अक्षर समजून लावली. त्यामुळे सगळ्यात आधी सगळे कै. आले, मग चि., मग श्री. आणि शेवटी तमाम सौ.

"लग्न आहे का वर्षश्राद्ध?" कमलबाईंनी विचारलं. "पहिली अकरा माणसं वरची."

"आणि आम्ही सगळ्या बायका शेवटी," योगेंद्रची बायको पुनम म्हणाली. "बरोबर लावलंय तुमच्या मशीनने. इथली चालरीत माहीत आहे तिला."

मग रविवारी दुपारी जेवण झाल्यावर योगेंद्र पलंगावर मांडी घालून बसला आणि त्याने छोटी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहायला घेतली. आबा मागे येऊन उभे राहिले.

"काय करून राहिला?"

"उपाध्या काढतोय."

"लोकांच्या?"

"तात्पुरत्या. उपाधी काढायची, नावं लावायची, मग ज्याची उपाधी त्याला परत द्यायची."

बेत चांगला होता. ओळीच्या सुरुवातीला श्री आणि टिंब दिसलं की काढ. मग सौ आणि टिंब दिसलं तर तेही काढ. मग चि आणि टिंब. दोन उपाध्यावाल्यांसाठी ही अशी एकामागून एक झडती. शेवटी कै आणि टिंब दिसलं तर ती ओळ उचलून गणपतीखालच्या चौकटीत ठेव, 'यांच्या आशीर्वादाने'. योगेंद्र हे काम रोज करत असे. कंपनीच्या मजकुरात टिंब आलं की तो सावध होई, कारण त्या भाषेत टिंबाला फार वेगळा अर्थ आहे. पण हे श्री.मधलं टिंब त्याच्या डोक्यात मराठी होतं. पहिलीत बाईंनी शिकवलेलं. ते काळ्या खिडकीत शिरलं की मराठी राहत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

स्क्रिप्ट चालली. डोळ्याची पापणी लवली नाही तोच यादी समोर.

"झालं?" आबांना हे पटलं नाही. इतक्या लवकर झालेलं काम त्यांना नेहमीच अर्धवट वाटे. "कोणी गळलं तर नाही ना?"

"मोजून बघा."

आबांनी कागदावर छापून घेतलेली यादी पेन्सिलीने मोजली. दोनशे चौदा. पुन्हा उलटीकडून मोजली. दोनशे चौदा. त्यांनी मोजली, वाचली नाही. वाचायला गेलं तर एकेका नावामागे अर्धा तास जाणार हे त्यांना ठाऊक होतं. पुनमने स्वतःचं नाव पाहिलं, कमलबाईंनी स्वतःचं पाहिलं, दिपमालाने नवऱ्या मुलाचं पाहिलं. सगळ्यांची नावं बरोबर होती. यादी समाधानभाऊंच्या प्रेसला गेली आणि सातशे पत्रिका छापून आल्या.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवली. दुसरी आबांनी स्वतः हळदीकुंकू लावून लोटनच्या हातात दिली.

"आधी नानाकडे जायचं. मध्ये कुठे थांबायचं नाही. त्याला सांग, या वेळी कोणी वर नाही, कोणी खाली नाही."

"सांगतो," लोटन म्हणाला आणि पन्नास पत्रिकांची पिशवी घेऊन सकाळच्या गाडीने गेला.

त्याच दिवशी दुपारी वरणगावहून कैलास मामांचा, म्हणजे कमलबाईंच्या भावाचा, फोन आला. मामा फॅक्टरीत नोकरीला, स्वभावाने शांत. आदल्या संध्याकाळी ते आपल्या वाटच्या पत्रिका घेऊन गेले होते.

"योगेंद्र, एक विचारायचं होतं. मी कधी गेलो?"

"कुठे, मामा?"

"तेच विचारतोय. पत्रिकेत मी वरच्या चौकटीत आहे. डावीकडे कै. झिपरू आजोबा, उजवीकडे कै. पुना आजोबा, मध्ये मी. जागा चांगली आहे, तक्रार नाही. पण कामावर पत्रिका वाटल्या ना, तर आमच्या साहेबांनी वाचून सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं."

"अरे देवा. मग तुम्ही?"

"मीही उभा राहिलो. एकट्याने बसून राहणं बरं दिसलं नसतं."

योगेंद्रने फोन ठेवला आणि पत्रिका उघडली. चौकटीत बाकीच्यांच्या कै नंतर टिंब होतं, मामांच्या कै नंतर लास. त्याने डोळे मिटले. टिंब. त्या भाषेत टिंब म्हणजे टिंब नसतंच. टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर. कै नंतर काहीही आलं की मशीनने ते उचललं होतं. आणि मग त्याला चि आठवला.

"आबा," तो ओरडला, "नानाचं नाव शोधा!"

आबांनी च वर बोट ठेवलं. गुलाब होता, घनःशाम होता आणि त्याच्यानंतर एकदम छगन. चिंधा नव्हता. त्यांनी पुन्हा पाहिलं. माणूस हरवला म्हणजे दोनदा पाहिलं जातं तसं पाहिलं. मग चौघं जमिनीवर बसून चार पत्रिकांत शोधायला लागले. सापडला तो पुनमला, धनराजच्या खाली, नथ्थूच्या वर: श्री. धा पुना पाटील.

"धा?" आबा म्हणाले. "धा म्हणजे दहा?"

"आबा, ऐका. मी सांगितलं होतं, चि आणि टिंब काढ. पण टिंब म्हणजे काहीही."

"काहीही म्हणजे?"

"काहीही. कुठलंही अक्षर."

"मग काहीही लिहायचं कशाला?" कमलबाई म्हणाल्या.

"चिंधामधल्या चिवर अनुस्वार आहे ना, तो टिंबाने पकडला. चिं गेलं, धा राहिलं."

"म्हणजे तुझ्या टिंबाने माझ्या भावाचं टिंब खाल्लं," आबा म्हणाले. ते संतापले असते तर बरं झालं असतं. पण ते शांतपणे समजून घेत होते. "आणि चि का काढत होता?"

"चिरंजीव समजून."

"अडुसष्ट वर्षांच्या माणसाला मशीनने चिरंजीव समजलं."

"हो."

"आणि तू त्या मशीनचा पगार घेतोस."

आबा उठले, भिंतीला टेकून पुन्हा बसले. "चौथा नंबर होता तर नऊ वर्षं बोलला नाही. आता तर नावच नाही ठेवलं आम्ही त्याला. आकडा केला त्याचा." कमलबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भावाच्या मानाचं काही काढलं नाही, तोही बिचारा चौकटीत बसलेला असताना.

लोटनला फोन लावला.

"दिली ना," लोटन म्हणाला. "तुम्ही म्हटलं तशी सगळ्यात आधी दिली. वर-खालीचा निरोपही दिला."

"वाचली का त्याने?"

"वाचली. खूप वेळ वाचली."

"काय म्हणाला?"

"काही नाही. 'धा' म्हणाला."

"आणि?"

"मला वाटलं दहा पत्रिका मागून राहिला. म्हणून अजून नऊ दिल्या."

आबांनी फोन योगेंद्रकडे दिला आणि छताकडे पाहिलं.

समाधानभाऊंनी फोनवर तोडगा काढला. "एवढं काय त्यात? चिं चे स्टिकर छापू. सातशे. एकेक चिकटवायचं."

"माझ्या भावाच्या नावावर चिकटपट्टी लावू?" आबा म्हणाले. "सगळ्या पुन्हा छापा. आज छापा." मग योगेंद्रकडे वळून म्हणाले, "आणि तू जा. पाया पड. मला बोलता येत नाही त्याच्याशी, नऊ वर्षांत सवय गेली."

योगेंद्र मोटारसायकलवर निघाला. पाळधी ओलांडेपर्यंत त्याने वाक्य तयार केलं: नाना, चूक आबांची नाही, माझी आहे, खरं तर माझीही नाही, टिंबाची आहे. पाळधीत ते ठीक वाटत होतं. धरणगाव येईपर्यंत त्यातला शेवटचा भाग त्याने कापला. अमळनेर ओलांडलं तेव्हा वाक्यात फक्त "नाना" एवढंच उरलं होतं.

नाना ओट्यावर बसले होते. डोळ्याला चष्मा, हातात पत्रिका, शेजारी बाकीच्या नऊ पत्रिका एकावर एक नीट रचून ठेवलेल्या. मोठी आई, म्हणजे नानांची बायको द्रौपदाबाई, दारात उभी होती. तिने योगेंद्रला पाहून डोळ्यांनी काहीतरी खूण केली. ती पळ अशी असेल किंवा चहा घेतोस का अशी असेल, त्याला कळलं नाही.

"कोन, योगेंद्र? बठ."

तो बसला. नानांनी पत्रिकेवर बोट ठेवलं. बोट बरोबर त्या नावावर होतं.

"हाई नाव कोनी लिखं? प्रेसवालानी का तुना बापनी?"

"नाना, ते म्हणजे..."

"तू नको बोलू. मी सांगस." नानांनी पत्रिका मांडीवर ठेवली. "तुना बाप दीड वरीसना व्हता. मी आठ वरीसना. माय वावरमा जाये आनि याले मना कडवर दी जाये. दिनभर मना कडवर. बठ्ठा गाव माले चिंधा म्हने, पन याले म्हनता ये नही. जीभ वये नही ना. नुसता धा. भूक लागनी, धा. पडना, धा. रातले मायना जोडे झोपे नही, धा पाहिजे."

योगेंद्रने वाकून नानांच्या मांडीवरच्या पत्रिकेतलं ते नाव पुन्हा वाचलं.

"मंग माय बी माले धाच म्हने. माय गई. मंग कोनी म्हनं नही." नानांनी चष्मा काढला आणि उपरण्याच्या टोकाने डोळे पुसले. लपवायचा काही प्रयत्न केला नाही. "लगीन व्हयनात, पोरं व्हयनात, तो शहरमा गया. माले वाटनं, इसरी गया व्हई. साठ वरीस व्हयनात ना त्याले. इसरना नही पन. आख्खा गाव वाचई अशी पत्रिकामा छापं त्यानी." त्यांनी योगेंद्रकडे पाहिलं. "त्यानीच लिखं ना?"

योगेंद्रने आजवर स्वतःची चूक मशीनवर पुष्कळदा ढकलली होती. मशीनची चूक एक-दोनदा स्वतःवरही घेतली होती. मशीनने केलेलं असं काही बापाच्या नावावर सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती. घशाशी आलेलं टिंब त्याने गिळलं.

"हो," तो म्हणाला. "आबांनीच. मी म्हटलं पूर्ण नाव टाकू. तर म्हणाले, नाही, हेच टाक."

"म्हनीन तो," नाना म्हणाले. "हट्टी शे. लाव त्याले फोन."

आबांनी पहिल्याच रिंगला उचलला. दुपारपासून फोन त्यांच्या हातातच असावा. "हां, भेटला का रे? काय म्हणून राहिला नाना?"

"मी धा बोली ऱ्हायनू," नाना म्हणाले.

पलीकडून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. कुकरची शिट्टी ऐकू आली. आबा ऐकू आले नाहीत. इकडे नानाही फोन कानाला लावून गप्प. मध्ये लोटन नसताना बोलायचं कसं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"आते तरी बोला ना," मोठी आई दारातून म्हणाली. "का लोटनले बलावू?"

"धा," आबा म्हणाले. तो आवाज योगेंद्रने कधी ऐकलेला नव्हता. लिपिकाचा नव्हता, बापाचाही नव्हता. "कधय येशी?"

"हळदना दोन दिन पह्यले इसू."

"चार दिन पह्यले ये."

"इसू."

एवढंच बोलणं झालं. नऊ वर्षांचं बोलायचं राहिलेलं होतं, पण तेवढ्यात दोघांचंही समाधान झालेलं दिसलं. मोठी आई पदराने डोळे टिपत आत चहा ठेवायला गेली. योगेंद्रचेही डोळे भरून आले होते. ते पुसत असताना त्याला समाधानभाऊंची आठवण झाली आणि तो ताडकन उठून ओट्याच्या कडेला गेला.

"समाधानभाऊ, छपाई थांबवा!"

"का? चारशे निघाल्या. एकदम बरोबर आहेत. या वेळी मी स्वतः एकेक नाव वाचलंय. चिंधा, चवर वेलांटी, अनुस्वार, सगळं."

"तेच तर. ते नकोय. आधीचंच पाहिजे. धा."

पलीकडे मशीनचा खडखड आवाज बंद झाला.

"म्हणजे चूक पाहिजे?"

"हो."

"भाऊ, मी बावीस वर्षं प्रेस चालवतो. लोक चुका काढायला सांगतात. तुम्ही पहिले आहात घालायला सांगणारे."

"मामांना चौकटीतून बाहेर काढलंय तेवढं ठेवा. बाकी धा करा."

"एक चूक शे पन," मागून नाना म्हणाले.

योगेंद्रला एकदम नंबर आठवला. अकारविल्ह्याच्या नादात नंबराचं भानच राहिलं नव्हतं. चिंधा असते तर नाना निदान वर कुठेतरी असते. धा मुळे ते पार मधोमध, शंभराच्याही पुढे गेले होते. तो फोन तसाच हातात धरून वळला आणि भराभर बोलायला लागला. "नाना, ते अक्षरांच्या क्रमाने आहे, त्यात मान-अपमान काही नाही, धुळ्याचे फुवा तर तुमच्याही खाली आहेत..."

"नंबर ऱ्हाऊ दे." नानांनी हाताने माशी वारावी तसा नंबर वारला. "इतली गर्दी शे, पन सापडनू ना मी त्याले. हाई देख." त्यांनी नख टेकवलं ते नावाच्या आधीच्या अक्षरावर. "हाई श्री कसाले? पाव्हनाले श्री लावतस. सख्खा भाऊ धाले श्री म्हनी का? काढ."

योगेंद्रने फोन पुन्हा कानाला लावला.

"समाधानभाऊ, त्या नावाचं श्री. पण काढा."

"नुसतं धा?"

"नुसतं धा."

"अहो, लोकांना वाटेल मध्येच आकडा पडलाय. बोलणी मला बसतील. हा धा आहे तरी कोण? त्या माणसाला एकदा विचारलं का तुम्ही?"

नानांनी योगेंद्रच्या हातातून फोन काढून घेतला.

"मीच धा," ते म्हणाले. "छाप."